‘झाडपाल्याचे औषध, त्याने काय होणार?’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा एक वेगळाच गठ्ठा गेल्या काही महिन्यांत माझ्या टेबलावर साठला आहे. पत्रे निरनिराळ्या घरांतून आलेली आहेत, तरी बहुतेकांत एक वाक्य कुठे ना कुठे येतेच : ‘झाडपाल्याचे औषध आहे, त्याने काय होणार?’ मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, बरीच वर्षे द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांचे गुण आणि उपयोग, हा विषय शिकवला आहे आणि नाशिकमधील माझ्या दवाखान्यात आजही रोज काढे आणि चूर्णे लिहून देते. त्यामुळे वनस्पतींवर माझा विश्वास नाही, असे कोणी समजू नये. त्यांच्यात गुण आहे असे मी मनापासून मानते, आणि ज्यात गुण आहे त्याने ‘काही होणार नाही’ असे मला म्हणता येत नाही. गठ्ठ्यातील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय ६८ असून बारा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची गोळी घेतो. सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांच्या सांगण्यावरून तीन महिन्यांपासून उपाशीपोटी कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचे चूर्ण आणि रात्री गुळवेलीचा काढा घेत आहे. साखर चांगलीच खाली आली आहे. मात्र गेल्या महिन्यात दोनदा सकाळी अकराच्या सुमारास एकदम घाम सुटला आणि हात थरथरले. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना रस-काढ्याविषयी सांगितलेले नाही. हे चालू ठेवावे का? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : आपण लिहिलेली लक्षणे रक्तातील साखर गरजेपेक्षा खाली गेल्याची असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून हे उत्तर वाचून होताच आपल्या डॉक्टरांना दूरध्वनी करावा, अशी माझी पहिली विनंती आहे. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि आपण पुरेसे खाल्ले आहे की नाही, याची ती वाट पाहत नाही. कारल्यातही साखर उतरवणारे घटक आहेत. तो रस उपाशीपोटी, वर गोळी आणि नाश्ता नेहमीपेक्षा थोडा उशिरा किंवा हलका, एवढे जुळून आले की अकरा वाजता घाम फुटायला आणखी कारण लागत नाही. पुन्हा तसे झाले तर घरी ग्लुकोमीटर असल्यास लगेच साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल, किंवा तपासण्याची सोय नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा आणि बरे वाटल्यावर काहीतरी खाऊन घ्या. आपल्या वयात अशी साखर उतरून माणूस जिन्यावर किंवा रस्त्यावर पडला, तर खुब्याचे हाड मोडते आणि मग मधुमेहापेक्षा ते दुखणे मोठे होते.

आता कारल्याच्या गुणाविषयी. त्यावर माणसांत झालेल्या चाचण्या बहुतेक लहान आणि थोड्या दिवसांच्या आहेत, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यांच्या भरवशावर गोळी सोडावी, असा आधार त्यांतून मिळत नाही. दुसरी अडचण मात्रेची आहे. गोळीत किती मिलिग्रॅम औषध आहे हे पाकिटावर छापलेले असते. आजच्या कारल्यात काय आणि किती उतरले आहे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि म्हणून डॉक्टरांना गोळीची मात्राही बसवता येत नाही. कारल्याची भाजी खुशाल खा. जेवणात आलेली भाजी आणि उपाशीपोटी घेतलेला पेलाभर रस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रसांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट येथेच सांगते, कारण फिरायला येणाऱ्या मंडळींत दुधी भोपळ्याचा रसही पुष्कळ चालतो. दुधी कडू निघाला तर त्याचा रस एक घोटही पिऊ नये. त्यातील कडू द्रव्याने रक्ताच्या उलट्या, तीव्र पोटदुखी आणि रक्तदाब एकदम खाली जाणे असे प्रकार झालेले आहेत, आपल्या देशात त्यात माणसे दगावलीही आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने याविषयी स्पष्ट इशारा दिलेला आहे. ‘कडू म्हणजे गुणकारी’ ही आपली सवयीची समजूत येथे जिवावर बेतते.

गुळवेलीविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ती माझ्या रोजच्या वापरातील वनस्पती आहे. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला, आणि २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. त्यांपैकी अनेकांचा आजार, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तेव्हा दिसतो तसा होता, आणि काहींना थायरॉइडसारखे त्याच जातीचे विकार आधीपासून होते. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला की, खऱ्या गुळवेलीऐवजी तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी. या आक्षेपात तथ्य असू शकते, कारण दोन्ही वेली सारख्या दिसतात आणि बाजारात त्यांची सरमिसळ होते. परंतु माझ्या समोर बसलेल्या रुग्णाला त्याने काय फरक पडतो? त्याच्या हातातील कांडी कोणत्या वेलीची आहे, हे त्यालाही सांगता येत नाही. म्हणून थायरॉइडचा किंवा सांध्यांचा प्रतिकारशक्तीशी निगडित विकार असलेल्यांना आणि ज्यांच्या यकृतात आधीच दोष आहे त्यांना मी आता गुळवेल देत नाही, आणि इतरांनाही महिनोन्महिने देत नाही. लघवी गडद पिवळी होणे, डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना जाणे किंवा अंगाला खाज सुटणे यांपैकी काही दिसले, तर काढा त्याच दिवशी थांबवून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. आपण तीन महिने घेतलाच आहे. ही तपासणी आपण आताच करून घ्या.

राहिला डॉक्टर रागावण्याचा मुद्दा. आपल्या पत्रातील हेच वाक्य मला सर्वांत जास्त लागले. १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकात आहे. आयुर्वेदाचे आणि ॲलोपॅथीचे विद्यार्थी त्याच एका विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतात, आणि तरीही त्याच शहरातील रुग्ण एका डॉक्टरांपासून दुसऱ्यांची औषधे लपवतो. यात दोष एकट्या रुग्णाचा नाही. ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न आम्ही दोन्हीकडचे डॉक्टर पुरेशा आपुलकीने विचारत नाही. तरीही आपण सांगा. साखर खाली आलेली पाहून डॉक्टर आपल्या गोळीला श्रेय देतील, आणि उद्या आपण रस बंद केला की चढलेली साखर पाहून ते गोळी वाढवतील. न सांगितलेल्या एका पेल्यामुळे त्यांचे सगळे गणित चुकते.

प्रश्न : माझ्या आईचे (वय ५९) गुडघे फार दुखत. एका यात्रेत रस्त्याकडेला बसलेल्या विक्रेत्याकडून तिने जडीबुटीची पूड घेतली आणि चमत्कार व्हावा तसा तिसऱ्या दिवसापासून तिला आराम पडला. आता सात महिने झाले. ती पूड टपालाने मागवते. अलीकडे तिचा चेहरा गोल आणि सुजल्यासारखा दिसतो, दंडावर सहज काळेनिळे डाग पडतात आणि कधी नव्हे ती साखर वाढली आहे. पुडीवर नाव-गाव काही नाही. पूड लगेच बंद करू का? (सिडको, नाशिक)

उत्तर : ताई, मनाने एकदम बंद करू नका, आईंना उरलेल्या पुडीसह आजच किंवा फार तर उद्या फिजिशियनकडे घेऊन जा.

असे सांगण्याचे कारण समजून घ्या. कोणतीही वनस्पती झिजलेल्या गुडघ्याला तीन दिवसांत इतका आराम देत नाही. शल्लकी, निर्गुडी, सुंठ ही मीही वापरते आणि त्यांनी दुखणे हलके होते, पण त्याला काही आठवडे लागतात. तीन दिवसांतला आराम, गोल झालेला चेहरा, पातळ होऊन डाग पडणारी त्वचा आणि नव्याने वाढलेली साखर या चारही गोष्टी एकत्र पाहिल्या की त्या पुडीत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड मिसळले असल्याचा संशय कोणत्याही डॉक्टरला येईल. सांधेदुखी आणि दमा यांच्या बेनामी पुड्यांत अशी भेसळ वारंवार सापडलेली आहे. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. योग्य रोगात, मोजून दिलेले स्टिरॉइड जीव वाचवते. परंतु सात महिने रोज बाहेरून मिळत राहिल्यावर मूत्रपिंडाच्या वरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे काम थांबवतात, आणि पूड एका दिवसात तोडली तर शरीराकडे आपले स्वतःचे काहीच उरत नाही. मग गळून जाणे, उलट्या होणे, रक्तदाब आणि साखर घसरणे असे प्रकार होतात. त्यात ताप किंवा जुलाब लागले तर जिवाला धोका असतो. डॉक्टर रक्तातील कॉर्टिसोल (याच ग्रंथींतून येणारे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड) तपासतील आणि मोजलेल्या गोळ्या देऊन त्या टप्प्याटप्प्याने उतरवतील. हाडांची झीज, पोटातील व्रण आणि मोतीबिंदू यांसाठीही एकदा तपासून घ्यावे लागेल. त्याआधीच आईंना फार अशक्तपणा वाटला, उलट्या सुरू झाल्या किंवा शुद्ध हरपू लागली, तर थेट रुग्णालयात न्या आणि तेथे ‘सात महिने स्टिरॉइड असू शकेल अशी पूड घेतली आहे’ हे वाक्य सर्वांत आधी सांगा.

पुडीवर नाव-गाव नसणे, हीच येथे मोठी खूण होती. आपल्याकडे आयुर्वेदिक औषध विकायला वेगळा परवाना लागत नाही, पण तयार करायला लागतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा असून त्यात १९६४ मध्ये आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. त्याखालील नियमांप्रमाणे वेष्टनावर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि तारीख असावी लागते. यांतले काहीच नसलेली पूड आयुर्वेदाच्या नावाने विकली जाते, तेव्हा आयुर्वेदाचीही बदनामी होते आणि एक वैद्य म्हणून मला त्याचा मनस्वी राग येतो. उरलेली पूड फेकू नका. आपण अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात लेखी तक्रार देऊ शकता. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा शासनाचा निःशुल्क क्रमांकही आहे. सिंहस्थात गोदाकाठी लाखो भाविक येतात, तेव्हा अशा पुड्यांचीही वस्ती वाढते. आपल्या एका तक्रारीने त्यांतली एखादी जरी उठली, तरी कोणाची तरी आई वाचेल.

प्रश्न : माझे बाळ अडीच महिन्यांचे आहे. सासूबाई रोज सहाणेवर बाळगुटी उगाळतात : हळकुंड, बालहिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, खारीक, बदाम, आणि वर मधाचे बोट. माझे डॉक्टर काहीच देऊ नका म्हणतात. सासूबाईंनी चार मुले याच गुटीवर वाढवली आहेत. त्यांना दुखवायचे नाही. मी काय करू? (पंचवटी, नाशिक)

उत्तर : तुमच्या सासूबाईंच्या हातातील ती सहाण मला फार ओळखीची आहे. माझी आजीही वेढे मोजून उगाळत असे. बाळाची शी, झोप आणि पोट पाहून कोणत्या दिवशी कशाचा एक वेढा कमी करायचा, हे तिला कळत असे. ते कष्ट, ती माया आणि ते निरीक्षण यांना मी कधीच कमी लेखणार नाही. तरीही तुमच्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे, आणि हे मी वैद्य म्हणून सांगते.

मध आजपासून बंद. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, कारण त्यात बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजाणुके असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजतात आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. दुसरे, जायफळ. ‘गुटी दिली की बाळ छान झोपते’ असे आपण कौतुकाने म्हणतो, पण जायफळाने येणारी ती गुंगी असते, आणि गुंगीतले बाळ दूध ओढत नाही. एखादा वेढा जास्त पडला तर इतक्या लहान जिवाला तो फार होतो. वेखंडात बीटा-ॲसरोन नावाचे द्रव्य असते, आपल्याकडच्या वेखंडात तर ते बरेच जास्त, आणि उंदरांवरील प्रयोगांत त्याने गाठी झाल्यामुळे अमेरिकेने १९६८ मध्येच वेखंडाला अन्नपदार्थांत मनाई केली. आपल्या घरातील वेखंडाच्या एका वेढ्याने तसे काही होईल, असे मी म्हणत नाही. परंतु जे बाळाला लागतच नाही, त्यात एवढीही शंका का ठेवायची? आणि या सगळ्यापेक्षा साधी गोष्ट स्वच्छतेची आहे. दमट सहाण, वर्षभर डब्यात राहिलेली, कधी बुरशी धरलेली बाळहिरड्याची नि हळकुंडाची तीच ती तुकडी आणि बोट, यांतून जुलाबाचे जंतू थेट बाळाच्या पोटात जातात. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते ते याच कारणाने.

सासूबाईंशी बोलताना ‘तुमचे चुकले’ असे म्हणू नका. पुढच्या लसीकरणाला त्यांनाच बरोबर न्या आणि डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलावे, अशी विनंती करा. बाळाला तेल लावणे, आंघोळ, दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, पोट गच्च झाले की पाय दुमडून हलके दाबणे, या गोष्टी त्यांच्याइतक्या चांगल्या कोणाला जमतात? आंघोळीनंतरच्या धुरीचा हट्ट मात्र त्यांनी सोडावा. कोंदट न्हाणीघरातला धूर बाळाच्या छातीला बाधतो. आणि बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपत असेल, दूध ओढत नसेल किंवा त्याचे अंग सैल पडल्यासारखे वाटत असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यात शिक्षक आहे. आमच्याकडचे वैदू आणि भगत जुलाबाला कुड्याची साल, खोकल्याला अडुळसा, तापाला गुळवेल देतात. शहरातील डॉक्टर याला अडाणीपणा म्हणतात, तर दुसरीकडे काही जण यात सर्व रोगांवर उपाय आहे असे सांगतात. मुलांना मी नेमके काय शिकवावे? (सुरगाणा, जि. नाशिक)

उत्तर : सर, आपल्या पत्राने मला आनंद झाला, कारण उत्तर देताना मलाही माझ्या विषयाच्या मुळाशी जाता आले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात असे म्हटले आहे की, रानातील वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गाई राखणारे आणि वनवासी लोक जाणतात. आणि लगेच पुढे म्हटले आहे की, केवळ नावरूप जाणल्याने औषधाचा उत्तम योग कळत नाही. ओळख एकाकडे असते आणि योजना दुसऱ्याकडे. आपल्या मुलांच्या घरात पहिली अर्धी विद्या आहे. ती अडाणीपणा नव्हे.

सदाफुलीचे उदाहरण मुलांना अवश्य सांगा, कारण ती त्यांच्या शाळेच्या आवारातही असेल. जमैकात लोक तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत, म्हणून १९५० च्या दशकात कॅनडातील संशोधकांनी ती तपासली. साखर फारशी उतरली नाही, पण प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र कमी झाल्या, आणि त्या धाग्यावरून विनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध सापडले. त्याच झाडातून पुढे मिळालेले विनक्रिस्टिन आज लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात जीव वाचवते. याच गोष्टीची दुसरी बाजूही त्यांना सांगा : आजही कित्येक मधुमेही सकाळी सदाफुलीची पाने-फुले चघळतात, आणि ज्या गुणाने ती कर्करोगाच्या पेशी मारते, त्याच गुणाने ती निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशीही मारू शकते.

सर्पगंधेचे तसेच झाले. मुंबईतील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबावर तिचा उपयोग होतो, हे १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयविज्ञान नियतकालिकात मांडले, १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले गेले, आणि वापर वाढल्यावर काही रुग्णांत खोल नैराश्य दिसू लागल्याचीही नोंद झाली. चिनी वैद्यकातील एका दवण्यातून मलेरियावरचे आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले. आपल्या अडुळशातील व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन बनवले गेले आणि त्यातून अँब्रॉक्सॉल आले. शहरातील डॉक्टर खोकल्याची जी बाटली लिहून देतात, तिच्या मुळाशी बहुधा आपल्या बांधावरचे झुडूप असते. हे ऐकून मुलांना आपल्या आजोबांकडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटेल. मात्र याच अडुळशाने गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते, म्हणून गरोदर बाईला तो देऊ नये, हेही त्याच तासाला सांगावे.

आता कुडा. पांढऱ्या कुड्याची साल आवेच्या जुलाबावर खरोखर उपयोगी आहे. परंतु साल एकदा झाडावरून उतरली की ती पांढऱ्या कुड्याची की काळ्या कुड्याची, हे सांगणे कठीण होते, आणि बाजारात एकीच्या जागी दुसरी सर्रास येते. झाड उभे असताना ते सोपे असते. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. अशी ओळख मुलांना रानात नेऊन, वैदूंच्याच तोंडून करून द्या. नावांचा घोळही दाखवा : आपल्याकडे ‘ब्राह्मी’ म्हणून दोन पूर्णपणे वेगळ्या वनस्पती विकल्या जातात.

आणि कळलावी दाखवाच. श्रावणात कुंपणावर ज्वाळेसारखी पिवळी-तांबडी फुले उमलतात ती हीच. तिच्या कंदात कोल्चिसिन असते. गाउटच्या दुखण्यावर ते मोजून देतात, पण कंद रानकंद समजून खाल्ला तर आधी उलट्या-जुलाब होतात आणि मग रक्तातील पेशी कोसळतात. अडलेल्या बाळंतिणीसाठी तिचा वापर करण्याची जुनी रीत आहे, ती पूर्णपणे थांबली पाहिजे. कळलावी, बचनाग, कुचला, धोतरा, गुंज, कण्हेर, बिब्बा ही नावे कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत आणि त्यांपासून केलेल्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापणे बंधनकारक आहे.

मुलांनी एक वही करावी असे मी सुचवेन. तिच्यात वनस्पतीचे स्थानिक नाव, कोणता भाग, कोणत्या ऋतूत, कसा तयार करतात, किती देतात आणि कोणाला देत नाहीत, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. शेवटचा प्रश्न विसरू नये. चांगल्या वैदूकडे त्याचे उत्तर नेहमी असते. वहीच्या पहिल्या पानावर मात्र मोठ्या अक्षरांत लिहा की, जुलाबात रक्त पडले, मूल मलूल झाले, किंवा साप चावला, तर झाडपाल्यात एक मिनिटही न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे. मुळासकट उपटून वह्या भरू नयेत, हे आपल्याला सांगायला नको. सफेद मुसळी आपल्याच डोंगरांतून कशी दिसेनाशी झाली, ते आपण माझ्यापेक्षा जवळून पाहिले असेल.

प्रश्न : मी २४ वर्षांचा असून जिमला जातो. ताकद आणि झोप सुधारावी म्हणून ऑनलाइन अश्वगंधेच्या कॅप्सूल मागवल्या आहेत. नैसर्गिक असल्याने सहा महिने घेतल्या तर चालतील ना? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : सलग सहा महिने घेऊ नका. ताण आणि झोप यांवर अश्वगंधेचा काही उपयोग लहान चाचण्यांत दिसला आहे, परंतु त्या चाचण्या बहुतेक आठ-बारा आठवड्यांच्या आहेत. त्यापुढे काय होते, ते त्या सांगत नाहीत. आइसलँड आणि अमेरिकेतून तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. परंपरेने आपण मूळ वापरतो. बाजारात स्वस्त पडतात म्हणून पानेही मिसळली जाऊ लागल्यावर आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पाने टाळण्यास सांगितले. तुमच्या डबीवर ‘मूळ’ असे स्पष्ट लिहिले आहे का, ते पाहा. तिच्यावर औषधाचा परवाना क्रमांक आहे की केवळ अन्नपदार्थाचा चौदा अंकी क्रमांक आहे, हेही पाहा. दुसरे असेल तर ती कायद्याच्या दृष्टीने औषधच नाही. थायरॉइडची किंवा झोपेची गोळी चालू असल्यास मुळीच घेऊ नका.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझी हर्नियाची शस्त्रक्रिया आहे. रक्तदाबासाठी गोळ्या, शिवाय लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या अर्काच्या गोळ्या आणि घशासाठी जेष्ठमध रोज घेतो. यांतले काय थांबवावे? (नाशिक रोड)

उत्तर : लसणाच्या कॅप्सूल आणि हळदीचा अर्क शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी थांबवा, कारण दोन्हींमुळे रक्त गोठायला वेळ लागू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

जेष्ठमध आजच थांबवा. हे इतके ठामपणे लिहिण्यामागे माझ्या घरातील अनुभव आहे. माझे सासरे गळा साफ राहावा म्हणून जेष्ठमधाची काडी दिवसभर तोंडात ठेवत. त्यांचा रक्तदाब काही केल्या आटोक्यात येईना, डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवली आणि एका सकाळी त्यांना खुर्चीतून उठवेना. रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरले होते. जेष्ठमधातील ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते, हे मी वर्गात कितीतरी वेळा शिकवले होते. माझ्याच घरातील काडी मला दिसली नव्हती. काडी बंद केल्यावर काही आठवड्यांत त्यांचा रक्तदाब पूर्वीच्याच गोळीवर उतरला. भूल देण्यापूर्वी आपलेही पोटॅशियम तपासून घ्यायला सांगा.

तपासणीला जाताना घरातील प्रत्येक बाटली, डबी आणि पुडी एका पिशवीत घालून बरोबर न्या, आणि विचारले नाही तरी पिशवी टेबलावर ठेवा. आमटीतला लसूण, भाजीतली हळद आणि चहातले आले मात्र नेहमीसारखे चालू द्या; त्यांना हात लावण्याची गरज नाही.